वळयीतली बाळंतिणीची खोली

लेकीची तारीख आषाढातली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं हे ठरलेलं, अडचण होती ती जागेची. वेंगुर्ल्याजवळचं आमचं घर म्हणजे पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि एक अंधारी वळय, म्हणजे सामान ठेवायची खोली. वळयीत भाताची पोती, नारळ, आगळाच्या बाटल्या. तीच रिकामी करायला घेतली.

मे महिन्यात घर शाकारून घेतलं, फुटकी कौलं बदलली. पोती हलवली तेव्हा भिंतीच्या बुडाशी बोटभर भेग दिसली आणि तिच्या तोंडाशी लाल विंचू. मला माझा धाकटा भाऊ आठवला. लहानपणी विंचू चावून तो रात्रभर घामाने निथळत होता, ओकत होता. तेव्हा कोकणात लाल विंचवाने माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी जण वाचले. पण तान्ह्या जिवावर ती वेळच यायला नको. सगळ्या भेगा सिमेंटने बुजवल्या, खिडकीला बारीक जाळी मारली, भिंतीला टेकून रचलेली जळाऊ लाकडं परसात लांब नेली.

पाळणा माझ्याच बारशाचा, फणसाच्या लाकडाचा. त्याच्या जुन्या ऑइलपेंटचे पोपडे निघत होते. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. लेक यायच्या आधीच पाळणा सुताराकडे दिला. धूळ उडू नये म्हणून त्याने पाणी मारून पॉलिशपेपरने घासला. परत रंग दिला नाही.

खरी कसोटी पुढे होती. आईने मोहरीची उशी शिवून ठेवली होती, ओवा-वावडिंगाची धुरीही बांधून तयार. तिची पाच बाळंतपणं याच वळयीत झाली, डालग्याखाली निखारे ठेवून तिने लंगोट सुकवलेले. आणि डॉक्टर सांगत होत्या की बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर निजवा, उशी नको, खोलीत धूर अजिबात नको. आईला हे सांगताना माझी जीभ जड झाली.

"धुरी नाय तर पोराक ऊब खयसून गावतली, झिला?"

तिचा प्रश्न खरा होता. पावसात आमच्या घराच्या भिंतीसुद्धा ओल्या लागतात. मग पडवीत दोन जादा दोऱ्या बांधल्या आणि लंगोट तिथे सुकवून शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढायचा असं ठरवलं. उशी बाजूला ठेवून आईने आपल्या जुन्या नऊवारीची आठ दुपटी शिवली. इतकी मऊ दुपटी बाजारात मिळत नाहीत.

नात झाली. तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत आशाताईंच्या सहा फेऱ्या असतात. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच फेरीत त्यांनी आईला जवळ बसवलं. बाळाला टोपी घालायची, लेकीच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरायचं आणि तळपाय चाचपत राहायचं, हे तिलाच शिकवलं. ते काम तेव्हापासून आईचं.

त्या रात्री बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मी दारात उभा. आईने मच्छरदाणीत हात घातला, दोन्ही तळपाय मुठीत धरले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ऊन आसत. नीज जा."