पाणी पळवणारा स्प्रे, दुसरा हप्ता: कापूस, गाडगं अन् स्टिकर

मागच्या हप्त्यात हा पाणी पळवणारा स्प्रे काच अन् पुठ्ठ्यावर मारून पाहिला होता. पुठ्ठा मस्त निघाला, काच मात्र पांढरट झाली ते झालीच, पुसूनही गेली नाही. म्हणून काच यादीतून बाद, आता घरातल्या बाकी वस्तू. स्प्रे तोच, दोन डब्यांचा, पहिले बेसचा हात, अर्धा तास वाळू द्यायचं, मग वरचा हात. वरच्या डब्यात सिलिकाची एकदम बारीक भुकटी असते अन् सगळा खेळ तिचाच आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या वाडीतलं धोप्याचं पान आठवा, त्यावर पाणी टाकलं की पाऱ्यासारखं गोल होऊन पळते. पानावर बारीक बारीक उंचवटे असतात, त्यावर मेणाचा थर, थेंब नुसता टोकांवर बसते अन् खाली हवा राहते. कमळाच्या पानाचंही तेच, बार्थलॉट अन् नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये ते नीट मांडलं. थेंब अन् पृष्ठभागाचा कोन 150 अंशाच्या वर गेला अन् जरासं कलतं केल्याबरोबर थेंब घरंगळला, की त्याला सुपरहायड्रोफोबिक म्हणतात.

शनिवारी बारदान्याचे तुकडे, कवेलू अन् जुना दुपट्टा घेऊन अंगणात बसलो. पहिलीच चूक, झड लागलेली, हवा ओली, बेसचा हात दीड तास झाला तरी चिकटच, अन् मी घाईत वरचा मारला तं पीठ सांडल्यासारखे डाग पडले. दुसरी चूक म्हणजे वारा. बाजूला उभ्या गाडीच्या हेडलाइटच्या काचेवर फवारा गेला, आता रात्री उजेड धुक्यातून आल्यासारखा येते. रविवारी ऊन पडल्यावर सगळं परत केलं, तोंडाला मास्क लावून अन् चुलीपासून लांब, कारण वास डोक्यात जाते अन् त्यातलं सॉल्व्हंट (भुकटी ज्यात कालवलेली असते तो उडून जाणारा द्रव) पेट घेते.

बारदाना एकदम भारी. तुकडा बादलीत दाबून धरला तं पाण्याखाली पूर्ण चांदीचा दिसला, लेकरं पाहायला जमली. ती चांदी म्हणजे अडकलेल्या हवेचा थर. बाहेर काढला तं कोरडा, झटकायचीबी गरज नाही. पण तोच तुकडा दगड ठेवून रातभर बुडवून ठेवला तं सकाळी चांदी गायब अन् तुकडा ओला, हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते ना.

कापसावर फजिती झाली. घरात अजून कापूस पडून आहे चांगल्या बाजारभावाची वाट पाहत, म्हटलं त्याच्यावरही मारून पाहू. स्प्रे मारलेला बोळा तरंगला, अन् न मारलेलाही तरंगला! मंग डोक्यात उजेड पडला, कच्च्या कापसाच्या धाग्यावर मूळचंच मेण असते. दवाखान्यातला कापूस पाणी पिते कारण त्याचं मेण उकळून काढलेलं असते. म्हणजे माझे पैसे पाण्यात गेले असंही म्हणता येत नाही, वरच तरंगत राहिले.

गाडग्यातलं पाणी गार होणार नाही हे मायनं आधीच सांगितलं होतं. दोन सारखी गाडगी आणली, एकाला बाहेरून स्प्रे, दोन्हीत पाणी भरून सावलीत ठेवली. चार तासांनी साध्या गाडग्याचं अंग ओलसर अन् पाणी गार, स्प्रेवाल्याचं बाहेरून कोरडं ठण्ण अन् पाणी जवळपास जसंच्या तसं. झिरपणंच थांबलं तं गार कसं होईल? माय म्हणे, "माह्या माठाले हात लावला तं पाहाय." (ते पाणी आम्ही प्यायलो नाही, तुम्हीही पिऊ नका.)

आता महत्त्वाचं. शेजारच्या भाऊंनी विचारलं, शेतात औषध फवारताना घालतो त्या शर्टाला स्प्रे मारून देतो काय? कल्पना ऐकायला चांगली वाटते. म्हणून बारदान्याच्या चांगल्या तुकड्यावर आधी साधं पाणी टाकलं, गोळ्या होऊन पळालं. मग त्याच पाण्यात फवारणीच्या औषधात टाकतो तो स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव) थोडा मिसळला अन् टाकलं, दोन सेकंदात आत. आपण स्टिकर टाकतो कशाला, पानावरून थेंब घसरू नये, पसरावा म्हणून, मग तो शर्टावर दुसरं काय करणार! औषधातही इमल्सिफायर (तेलकट औषध पाण्यात मिसळवणारा पदार्थ) असतेच. भाऊंना चक्क नाही म्हटलं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत किती माणसं गेली ते आपल्याला माहीत आहे, तिथे असला अर्धवट जुगाड नको. तुकडा धुऊन वाळवला तं थोडं पाणी पळायला लागलं, पण पहिल्यासारखं नाही.

दुपट्ट्याचं लिहिण्यासारखं काही नाही, कडक झाला अन् खांद्यावर दोन दिवस घासला तं मधला भाग भिजायला लागला.

अर्धं स्प्रे मारलेलं कवेलू गोठ्यावर चढवलं आहे. तीन पाऊस झाले, वरच्या कडेला अजून थेंब गोल होतात, पण कबुतर बसते तिथे नाही.