द्राक्षकाडीचे छेद: बूच नेमकं कुठे तयार होतं

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून केलेल्या छाटणीनंतर) फुटलेल्या द्राक्षाच्या काड्या आता बुंध्याकडून तपकिरी व्हायला लागल्यात, म्हणून आधी पाहिलेले कण्हेरीच्या फांदीचे छेद बाजूला ठेवून सध्या द्राक्षच. दिंडोरीकडच्या ओळखीच्या बागेतून थॉमसन जातीच्या द्राक्षाची एक लांब काडी मागून आणली. बागवाले दादा म्हणाले, "काडी पिकली म्हणजे झालं की सर, आत काय बघायचंय?"

बघायचं हेच, की पिकते म्हणजे नेमकं काय होतं, आणि सालीतलं बूच, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मेलेल्या पेशींचा थर, कुठे तयार होतं. द्राक्षाची सोय अशी की काडी तळाकडून शेंड्याकडे पिकत जाते. शेंड्याचं पेर हिरवं, मधली पेरं पिवळट, खालची तपकिरी. म्हणजे एका काडीतच सगळे टप्पे ओळीने मिळतात, महिनोन्‌महिने नमुने गोळा करत बसावं लागत नाही.

हिरव्या पेरांना गाजराच्या फोडीत धरून दाढीच्या नव्या पात्याने कापलं. तपकिरी पेरं तशी कापली जात नाहीत. ती स्पिरिट आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजत ठेवली. पातं जरा बोथट झालं की सालीतल्या तंतूंचे जुडगे कापले न जाता ओढले जातात आणि अख्खी साल लाकडापासून सुटून येते. पात्याच्या बाबतीत कंजुषी नको. रंगाला सॅफ्रानिन आणि सुदान ४. सुदान स्निग्ध पदार्थांना धरतो, त्यामुळे सुबेरिन (मेणासारखा पदार्थ) असलेल्या बुचाच्या भिंती नारिंगी-लाल उठून दिसतात आणि लाकूड जवळपास कोरं राहतं. सॅफ्रानिनमध्ये लाकूड आणि बूच दोन्ही लालच, म्हणून बूच शोधायला तो एकटा पुरत नाही.

हिरव्या पेरात बाहेरून आत: अपित्वचा (सगळ्यात बाहेरचा थर), मध्यत्वचा (तिच्या आतला मऊ थर), मग रसवाहिन्यांच्या (पानांतलं अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) प्रत्येक गटावर तंतूंची एकेक टोपी, आत लाकूड, आणि मध्ये ऐसपैस भेंड (मऊ गाभा). लाकडातल्या वाहिन्या इतक्या रुंद, की छेद उजेडासमोर धरला तर नुसत्या डोळ्यांनीही भोकं दिसतात.

पिवळट पेरात खरी मजा. कण्हेरीत बूच अगदी वरच्या थरात, अपित्वचेतच सुरू होतं. त्या सवयीने वर शोधाल तर द्राक्षात काहीच सापडणार नाही. इथे सुदानची नारिंगी रेघ तंतूंच्या टोप्यांच्याही आत, रसवाहिन्यांच्या पट्ट्यात दिसते. विटा रचाव्यात तशा चपट्या पेशींच्या सरळ रांगा, म्हणजे मागे त्वक्षाकर, बूच तयार करणारा पेशींचा थर, काम करतोय. सुरुवातीला ही रेघ तुटक असते. खालच्या पेरात तिचं पूर्ण कडं होतं.

कडं पूर्ण झालं की बाहेरच्या सगळ्याचं पाणी तुटतं. अपित्वचा, मध्यत्वचा, तंतूंच्या टोप्या, सगळं वाळतं. बागेत आपण ज्याला काडीचा तपकिरी रंग म्हणतो तो बराचसा या मेलेल्या थरांचा. पुढच्या हंगामात नवं कडं आणखी आत, नव्या रसवाहिन्यांच्या थरात तयार होतं आणि जुनी साल तंतूंच्या आधाराने लांब पट्ट्यांनी सुटते. जुन्या खोडावरची लोंबणारी साल ती हीच. तिच्या आडोशाला पिठ्या ढेकूण लपतो, म्हणून बागायतदार ती खरवडून काढतात. दादांना फोटो दाखवला तेव्हा मात्र त्यांनी मोबाईल बराच वेळ हातातून सोडला नाही.

जाता जाता तपकिरी पेराच्या एका छेदावर आयोडीन टाकलं. लाकडातले किरण (आतून बाहेर जाणाऱ्या पेशींच्या आडव्या पट्ट्या) निळे-काळे झाले, म्हणजे पिष्टाचा साठा सुरू झालाय. हिरव्या शेंड्यात असं काही दिसलं नाही.

पुढचा नंबर डाळिंबाचा. तिथेही बूच खोल, रसवाहिन्यांच्या पट्ट्यातच येतं; शिवाय लाकडाच्या आतल्या बाजूलाही रसवाहिन्या असतात, त्यामुळे छेद वाचायला जरा किचकट. सटाण्याहून काड्या येणार आहेत. कोवळ्या चौकोनी फांद्या मुद्दाम सांगून ठेवल्यात, कारण कोपऱ्यांवर आणि सपाट बाजूंवर बूच एकाच वेळी सुरू होतं का, ते बघायचंय.