डब्यातली जाळी: आमची वाटचाल

यंदा कारखान्याला तीस वर्षं झाली. मुलगी म्हणाली, बाबा, वाटचाल लिहून काढा. वाटचाल म्हटली की मला मे 2003 च आठवतो, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

आम्ही इचलकरंजीचे. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गावाचा खडखडाट थांबलेला नाही. सगळे धोतर, पॉपलिन, ग्रे कापडात असताना आम्ही पॅराफिन गॉज, म्हणजे पॅराफिनमध्ये भिजवलेलं जाळीचं कापड, धरलं. भाजलेल्या जखमेवर सगळ्यात आधी बसते ती ही जाळी. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ल्यों शहरी ऑग्युस्त ल्यूमिएर यांनी ती काढली, आणि कल्पना आजही तीच आहे: जखमेला कापड चिकटू नये म्हणून मध्ये स्निग्ध थर.

यासाठी वीण लेनोच हवी. ताण्याचे दोन उभे धागे एकमेकांना पीळ घालत बाण्याच्या आडव्या धाग्याला धरून ठेवतात, त्यामुळे तुकडा कापला तरी कडेचा धागा सुटत नाही. साध्या विणीचं बँडेजचं कापड कापून पॅराफिनमध्ये बुडवलं तर दिसायला तसंच दिसतं, पण सुटलेले धागे जखमेत रुततात. आमच्या पहिल्या लेनो मागाची वहिफणी लावायला, म्हणजे ताण्याचे धागे मागात ओवायला, तीन दिवस लागले होते. ती लावली आमच्या खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मामांनी. सख्खे नव्हेत, पण त्यांना मामाच म्हणत आलो. धंदा माझ्या नावावर असला तरी माग त्यांचा आणि हात त्यांचा.

तेव्हा माल पत्र्याच्या डब्यात जायचा. 10 बाय 10 सेंटिमीटरचे 36 तुकडे एकावर एक, मध्ये पॅराफिन. डबे ओव्हनमधून काढले की थंड होईस्तोवर उलटसुलट करत बसायचे, नाहीतर सगळं पॅराफिन तळाला बसतं. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी मे महिन्यात विदर्भात माल ट्रकने पाठवताना हीच गोष्ट पुन्हा घडेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चूक आमची होती. ती मी कुणावर ढकलत नाही.

आठवड्याने एका मोठ्या रुग्णालयाच्या बर्न वॉर्डमधून सिस्टरांचा फोन आला. आवाज शांत होता. "भाऊ, एकदा येऊन पाहा ना. फोनवर सांगण्यासारखं नाही हे."

गेलो. त्यांनी मला ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं आणि दार अर्धं उघडं ठेवलं. आत स्टोव्हच्या भडक्यात दोन्ही हात भाजलेली एक बाई होती. ती ओरडली तेव्हा मला उठून जावंसं वाटलं, पण बसलो. बाहेर आल्यावर सिस्टरांनी डबा दाखवला. वरचे तुकडे कोरडे ठक्क, खालचे तुपात बुडाल्यासारखे. कोरडा तुकडा जखमेला घट्ट धरतो आणि काढताना नवी आलेली त्वचा सोबत घेऊन येतो. सिस्टर म्हणाल्या, "दुखणं दोन प्रकारचं असतं. एक नुसतं पडून असताना ठणकणारं, त्याला औषध आहे. दुसरं आम्ही रोज सकाळी हाताने देतो, ते. त्यातलं निम्मं तुमच्या कापडावर आहे."

पुढची गोष्ट सांगताना आजही घास उतरत नाही. चार वर्षं आमचाच माल विकणारा माणूस, आमचे दर आणि आमचे डॉक्टर पाठ असलेला. त्याने तो कोरडा तुकडा पाकिटात घालून खरेदी विभागांतून फिरवला. "यांचं चिकटतं" एवढंच बोलायचा. दोन महिन्यांत त्याने स्वतःचा ब्रँड काढला आणि पुढच्या निविदेत तो एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, ठरला. त्याचं कापड साध्या विणीचं होतं. मी नमुना भिंगाखाली धरून दाखवला. मला सांगण्यात आलं, तपशिलात "पॅराफिन गॉज" लिहिलंय, दर बोला. निविदेत लांबी, रुंदी, नग, मुदत या सगळ्याला रकाना होता. काढताना किती दुखेल याला नव्हता. बारापैकी सात माग भंगाराच्या भावात गेले. मामांनी चार महिने मजुरी मागितली नाही, आणि मागितली नाही हे कुणाला सांगितलंही नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग थेट व्हॅसलीन गॉजशेजारी ठेवून पाहिलं आणि तो अभ्यास छापला. त्याआधी 1985 मध्ये वाडिया रुग्णालयाच्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या होत्या. सिस्टरांनी केळीच्या पानाच्या अभ्यासाची झेरॉक्स पाठवली. रात्री शब्दकोश घेऊन वाचली. केळीचं पान मेणचट, गुळगुळीत, जवळजवळ फुकट आणि जखमेला न चिकटणारं. वाईट वाटलं, पण डोळेही उघडले. आपली स्पर्धा त्या माणसाशी नाही, केळीच्या पानाशी आहे.

मग उन्हात पातळ होऊन तळाला बसू नये म्हणून मऊ पॅराफिनमध्ये थोडं कडक मेण घालून पाहिलं. जास्त झालं की जाळी ताठ होते आणि सांध्यावर वळत नाही. सतरा मिश्रणं फुकट गेली. चाचणी मामांनी सुचवली: तुकडा 45 अंश सेल्सिअस उष्णतेत दिवसभर उभा टांगायचा, मग मधोमध कापायचा आणि वरचा अर्धा, खालचा अर्धा वेगवेगळा तोलायचा. दोन्ही वजनं जुळली तरच माल पास. त्यासाठी घेतलेला सोनाराचा तराजू अजून चालू आहे, नवा डिजिटल शेजारी असूनही. डब्यातून माल देणं बंद केलं. एकेक तुकडा फॉइलच्या पाकिटात घालून मुंबईत ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात गॅमा किरणांनी निर्जंतुक करून आणू लागलो. लहान कारखानदारांना सांगतो, पाकीट सील करणाऱ्या यंत्राच्या जबड्यावर पैसे वाचवू नका. आणि प्रत्येक बॅचची दहा पाकिटं मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा, भांडणात तीच साक्ष देतात.

नवा माल घेऊन गेलो तेव्हा सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून एका रुग्ण बाईच्या एका हाताला आमची जाळी लावली, दुसऱ्याला एल-वनवाली. बाईंना काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "सिस्टर, उद्यापासून दोन्ही हातांना डावीकडचंच लावा." डावीकडचं आमचं होतं.

त्यानंतरची वर्षं सरळ गेली. 2022 च्या ऑक्टोबरपासून वैद्यकीय उपकरणांचा परवाना सक्तीचा झाला, तोही मिळाला.

भाजल्याच्या वेदनेवरचं संशोधन मी तेव्हापासून वाचतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात ड्रेसिंग चालू असताना रुग्णाच्या डोळ्यांवर आभासी दृश्यं दाखवणारा चष्मा चढवून त्याला बर्फाच्या दरीत नेतात. तो बर्फाचे गोळे फेकत राहतो आणि वेदनेकडे मन कमी जातं. त्यांचा पहिला लेख 2000 सालचा. केटामिन, नसा बधिर करणारी इंजेक्शनं, संगीत यांवर काम वाढतंय. आपल्याकडे 2014 च्या कायदादुरुस्तीने रुग्णालयांना मॉर्फिन मिळवण्याची वाट थोडी सोपी झाली. हे सगळं हवंच. पण 2013 च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावरच्या नेहमीच्या मलमापेक्षा सिलिकॉनचा थर असलेली आणि चांदीची ड्रेसिंगं जखम भरण्यात सरस दिसली, ते मला जास्त जवळचं वाटतं. काही दिवस तशीच ठेवता येणारी पट्टी म्हणजे तेवढ्या सकाळी कमी. म्हणून सिलिकॉनच्या जाळीवर आम्हीही दोन वर्षं झगडतोय. आमच्या पॅराफिनपेक्षा ती चांगली आहे, हे मी ग्राहकाला स्वतः सांगतो.

आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगतो: घरात कुणी भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. ते सगळं नंतर खरवडून काढावं लागतं आणि खरवडणाऱ्या सिस्टरांना शिव्या बसतात.

सिस्टर 2016 मध्ये निवृत्त झाल्या, मामा 2019 मध्ये गेले. तपासणीच्या वहीत वजनाच्या दोन रकान्यांशेजारी सिस्टरांनी स्वतः आखलेला तिसरा रकाना आहे, "काढताना". वॉर्डातून फोनवर विचारून तो आजही आम्ही भरतो. यंदाच्या निविदेपूर्वीच्या बैठकीत मी ती वही घेऊन गेलो आणि हा रकाना तपशिलात घ्या म्हणालो. साहेबांनी वही चाळली आणि विचारलं, दर काय आहे तुमचा?

पुढच्या वर्षी वही घेऊन पुन्हा जाणार आहे.