तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षी पाहायला गाईड कशाला?

केरळमधल्या तट्टेकाड पक्षी अभयारण्यातून परतल्यापासून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. इतकी वर्षे पक्षी पाहता, दुर्बीण आहे, आवाज ओळखणारे ॲपही मोबाइलमध्ये आहे, मग वेगळे पैसे मोजून गाईड कशाला घेतलात?

भिगवणच्या पाणथळीवर पक्षी समोर दिसतो, त्याला ओळखायचे तेवढे बाकी असते. सदाहरित जंगलात तो आधी सापडावा लागतो, आणि तो सापडतो कानाने. पेरियार नदीकाठचे हे अभयारण्य जेमतेम २५ चौरस किलोमीटरचे आहे. त्रावणकोर संस्थानाचे पक्षी सर्वेक्षण करताना १९३३ मध्ये सालिम अली इथे फिरले होते, आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

होमस्टेच्या अंगणात काळा चहा घेऊन आम्ही सहाला निघालो. बराच वेळ आमच्या गाईडने दुर्बीण डोळ्यांना लावलीच नाही. मग पल्लवपुच्छ कोतवालाची शीळ ऐकू आली आणि तो जागच्या जागी थांबला. ॲपने मला पक्ष्याचे नाव सांगितले असते, पण कोतवाल आला म्हणजे त्याच्याबरोबर इतर पक्ष्यांचा मिश्र थवाही सरकत येत असणार, हे त्याने ओळखले. शिवाय कोतवाल इतरांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हा त्यातला खरा आवाज कोणता हेही कळावे लागते. पुढची दहा मिनिटे डोक्यावरच्या पानांत बुलबुल, सुतार, नीलपरी असे कितीतरी पक्षी येऊन गेले, आणि मग जंगल पुन्हा रिकामे झाले.

मलबारी कर्णा त्याने असाच दाखवला. संशय आला की हा पक्षी आपली तपकिरी पाठ आपल्याकडे करून निश्चल बसतो, त्यामुळे फांदीसमोर उभे राहूनही मला तो दिसत नव्हता. गाईडने हलू नका अशी खूण केली. बऱ्याच वेळाने पक्षी वळला आणि त्याचे लालभडक पोट एका कवडशात उजळले. एकटा असतो तर मी केव्हाच पुढे निघून गेलो असतो.

दुपारी पुट्टू आणि कडला करी खाऊन थोडी विश्रांती घेतली, आणि चारच्या सुमारास फ्रॉगमाऊथ पाहायला गेलो. पश्चिम घाट आणि श्रीलंका सोडून हा निशाचर पक्षी कुठेही आढळत नाही. दिवसा तो वाळक्या पानासारखा बसून राहतो, आणि बेडकासारखे रुंद तोंड असूनही चार हातांवरून ओळखू येत नाही. राखाडी नर आणि तांबूस मादी अंगाला अंग लावून बसली होती. मादीचा डोळा रेघेइतका किलकिला झाला, तेवढ्यावर गाईडने आम्हाला मागे घेतले. सोबतच्या एकाने फ्लॅशची परवानगी मागितली, ती त्याने शांतपणे नाकारली. आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे हा प्रकार त्याने दिवसभरात एकदाही केला नाही, आणि याच कारणासाठी मी पुढच्या वेळीही त्यालाच बोलावीन.

परतताना मी गाईडला विचारले, "चेट्टा (दादा), उद्या सकाळी पुन्हा इथेच येऊ या का?"

"उद्या ह्यांना राहू दे," तो म्हणाला. "दुसरी जोडी शोधू."