शेणखत मातीला, युरिया पिकाला

भातशेतीवर चार माणसं बोलायला बसली की दहा मिनिटांत दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, रासायनिक खतांनी जमिनीची वाट लावली, सगळं बंद करा. दुसऱ्याचं म्हणणं, शेणखत वाहायला वेळ कुणाला आहे, युरिया फेका आणि मोकळे व्हा. मी दोघांच्याही शिव्या खातो, कारण माझ्या खाचरात दोन्ही जातं.

आधी हिशेब. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे टनभर खत वाहिलं की पाच किलो नत्र आलं, आणि तेही सगळं त्याच हंगामात मिळत नाही. बरंचसं मातीत बांधलेलं राहतं आणि पुढे हळूहळू सुटतं. युरियात नत्र 46 टक्के. हेक्टरी 100 किलो नत्र द्यायचं ठरवलं, तर नुसत्या शेणखताचे 20 टन लागतील, तेही कागदावर. दरवर्षी एवढं खत निघेल असा गोठा दाखवा, असं म्हटलं की 'फक्त सेंद्रिय'वाले विषय बदलतात.

पण हाच हिशेब पुढे करून शेणखत मोडीत काढणाऱ्यांचंही मला पटत नाही. मुळात मी ते नत्रासाठी घालतच नाही. खाचरात पाणी उभं असतं आणि उभ्या पाण्यात फेकलेला युरिया फार टिकत नाही. त्याचा अमोनिया होतो. भर उन्हात पाण्यातलं शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, पाण्याचा सामू (आम्ल-विम्लाचं माप, म्हणजे pH) चढतो आणि अमोनिया हवेत उडून जातो. जो मागे राहतो, त्यातल्या काहीचं चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात नायट्रेट होतं, ते खाली उतरतं आणि तिथे हवा नसल्यामुळे जिवाणू त्याचा वायू करून सोडून देतात. सरतेशेवटी फेकलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमीच पिकाला लागतं. आता हा नत्र धरून ठेवायचा कुणी? चिकणमातीचे कण धरतात आणि सेंद्रिय पदार्थ धरतात. जमीन रेताड असेल तर सगळी भिस्त दुसऱ्यावर. शेणखतानं युरियाची गरज संपत नाही, पण दिलेल्या युरियातला जास्त भाग पिकाच्या वाट्याला येतो. माझ्या दृष्टीनं त्याचं खरं काम हेच.

युरिया नुसता फेकण्याऐवजी त्याची कांडी (दाबून केलेली गोळी) चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध बोटभर खोल चिखलात खुपसली तर नासाडी आणखी कमी होते. मजूर कुरकुरतात, ते वेगळं.

आता कच्च्या खताबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आमच्या बांधाला बांध असलेले एक काका दरसाल लावणीच्या तोंडावर उकिरडा उपसतात. वरचा अर्धकच्चा थर, त्यात पेंढा तसाच, सगळं चिखलात. लावणीनंतर रोप पिवळं पडतं आणि काका फवारणीचा पंप शोधायला लागतात. रोग कसला, उपासमार आहे ती! भाताच्या पेंढ्यात कर्ब नत्राच्या 60 ते 80 पट असतो. पेंढा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतो आणि तो ते मातीतूनच उचलतात, रोपाच्या आधी. शिवाय पाण्याखाली कच्चा माल सडला की त्यातून आम्ल आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतं, ते मुळ्यांना बाधतं.

शंका आली की मी एक चूड उपटून पाण्यात खळाळतो आणि मुळ्या बघतो. भाताची मुळी स्वतःभोवती प्राणवायू सोडते, त्यामुळे तिच्यावर लोहाचा तांबूस गंजकट लेप चढतो. मुळ्या तांबूस, टोकं पांढरी, म्हणजे सगळं ठीक. काळ्या मुळ्या आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे आधी पाणी काढायचं, जमीन थोडी उघडी पाडायची, आणि मग खताचं बघायचं. चालताना पावलागणिक चिखलातून फार बुडबुडे येत असतील तरी हाच उपाय. त्या बुडबुड्यांत हवामान तापवणारा मिथेन वायूही असतो, तेव्हा अधूनमधून पाणी काढण्यात सगळ्यांचंच भलं आहे.

खत कुजलंय की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर घेऊन दाबा. मातीचा वास आला, काडी ओळखू येईना, हाताला ऊब लागली नाही, तर खुशाल टाका.

शेण पुरत नाही त्या खाचरात मी धैंचा करतो, म्हणजे हिरवं असतानाच मातीत गाडायचं खताचं पीक. पेरल्यापासून 45 ते 50 दिवसांत, फुलोऱ्याच्या आत गाडायचा. उशीर केला की खोड जून होतं आणि वर सांगितलेला पेंढ्याचा त्रास इथेही सुरू. बांधावरच्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडाचा कोवळा पाला त्या मानानं झटकन कुजतो. फांद्या मात्र काढून टाकाव्यात, चिखलात पायाला लागतात.

पेंढ्याचं काय? भातानं उचललेल्या पालाशातला (पोटॅशमधला) बहुतेक हिस्सा दाण्यात जात नाही, पेंढ्यातच राहतो. सगळा पेंढा शेताबाहेर गेला की पालाशही गेला. जाळला तर राखेत पालाश उरतो, पण नत्र धुरात जातो. म्हणून गुरांच्या तोंडचा उरलासुरला पेंढा शेणासोबत खड्ड्यात जायलाच हवा, यावर घरात माझं कुणी ऐकत नसलं तरी मी ठाम आहे.

आणि नेहमी विचारलं जातं ते: सेंद्रिय घातल्यावर युरिया किती कमी करायचा? धैंचा नीट गाडला असेल तर मी लावणीच्या वेळचा हप्ता कापतो. फुटव्यांच्या वेळचा आणि लोंबी पोटात धरायच्या सुमाराचा हप्ता पानाचा रंग बघून ठरवतो. पान फिकट दिसलं तर देतो, गर्द हिरवं असेल तर हात आखडतो, नाहीतर पीक लोळतं.