डावं वळण, उजवे टायर

मंडळी, चोर सापडला! ओल्या ट्रॅकवर माझी स्विफ्ट डाव्या वळणात का फिरते, हे दीड महिना शोधत होतो. दोष ब्रेकमध्ये नव्हता, सस्पेन्शनमध्ये नव्हता आणि माझ्या उजव्या पायातही नव्हता. (शेवटच्या मुद्द्यावर घरात अजून एकमत नाही.)

मागच्या नोंदीत इरुंगट्टुकोट्टईचं (चेन्नईजवळचा रेस ट्रॅक) रडगाणं गाऊन झालंच आहे, म्हणून थोडक्यात. आपल्याकडचा पाऊस आवरला की ईशान्य मोसमी वारे चेन्नईला भिजवतात, त्यामुळे ओला ट्रॅक हवा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडेच जावं लागतं. वारज्याला एनएच ४८ धरला की तोच रस्ता बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट ट्रॅकपाशी नेऊन सोडतो. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, २००८ ची १.३ स्विफ्ट, नवे कोरे चार टायर, १९५/५५ आर १५ (१९५ मिलिमीटर रुंद, १५ इंची), व्ही-नक्षीचे. आणि अर्ध्या दिवसात तीन स्पिन.

लक्षण असं. डाव्या वळणात शिरताना ब्रेकवर पाय थोडा जरी राहिला, की मागची बाजू काहीही न सांगता बाहेर. उजव्या वळणात तोच वेग, तोच ब्रेक, आणि गाडी रुळावरून चालल्यासारखी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पुढचं टोकही डावीकडे वळायला कुरकुर करायचं, नंतर सुधारायचं. मागचं मात्र दिवसभर सुधारलं नाही. शिवाय सरळ रेषेत जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढायचं. हा शेवटचा मुद्दा मी वहीत लिहिला होता आणि त्याच्याकडेच नीट पाहिलं नाही. उत्तर तिथेच बसलेलं होतं.

पुण्यात आल्यावर पहिला संशय ब्रेकवर. गाडी डावीकडे ओढते म्हणजे उजवा कॅलिपर नीट दाबत नाही, असं म्हणून कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना काढल्या, साफ केल्या, नवं ग्रीस, नवे पॅड. पिना लोण्यासारख्या सरकत होत्या. शनिवार गेला.

मग अलाइनमेंट. या पिढीच्या स्विफ्टला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे, म्हणजे मागचा टो (चाकाचं तोंड आत की बाहेर, तो कोन) कंपनीने दिला तो दिला, फार तर शिम (पातळ पत्री) घालून हलवता येतो. कागदावर उजवं मागचं चाक नावापुरतं टो-आउट, म्हणजे तोंड बाहेर, दाखवत होतं. मी लगेच शिम शोधायला लागलो. अलाइनमेंटवाले काका तीस वर्षं हेच करतायत. ते म्हणाले, "साहेब, एवढ्याने गाडी फिरली तर पुण्यातल्या निम्म्या स्विफ्ट रोज सिंहगड रोडवर उलट्या तोंडाने उभ्या दिसतील." ऐकलं नाही. शिम घातली. काका अर्थातच बरोबर होते.

तिसरा संशय माझ्या वजनावर. चालक उजवीकडे, डाव्या वळणात भार उजव्या चाकांवर, त्यात माझे ८२ किलो. मित्राने मोठ्या उत्साहाने ही थिअरी मांडली आणि मोठ्या नाराजीने शेजारच्या सीटवर बसला. फरक शून्य, फक्त आरडाओरडा वाढला.

चौथी हवा, आणि इथे मी सगळ्यात जास्त दिवस घालवले, कारण हा विषय मला आवडतो. पावसात हवा कमी करायची की वाढवायची? कमी करणाऱ्यांचं म्हणणं, टायर जास्त वाकतो, लवकर तापतो, पकड येते. नुसत्या ओलसर ट्रॅकवर त्यात तथ्य आहे. पण पाणी साचलेलं असेल तर गणित उलटं होतं. विमानाच्या टायरवरच्या प्रयोगांवरून १९६३ मध्ये नासाने मांडलेलं साधं सूत्र आहे: हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढायचं, साधारण १६.७ ने गुणायचं, की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३० पीएसआयला ९१ आणि ३६ ला १००. पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तेव्हाचा हा आकडा, खाचा शाबूत आणि पाणी कमी असेल तर तो वर सरकतो. पण दिशा कळते: डबक्यांत हवा जास्त बरी.

मी ट्रॅकवर ३० ठेवली होती, त्यामुळे दोन आठवडे या सूत्राने झपाटलो होतो. वहीची चार पानं आकडेमोडीने भरली. पाचव्या पानावर लक्षात आलं की हवेचा दोष असता तर तो दोन्ही बाजूंना दिसला असता. डावं-उजवं असा भेदभाव हवा कशाला करेल?

आता मुख्य कथा. शोअर ए ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारं यंत्र, आकडा जास्त तेवढं रबर कडक) मी सेमी-स्लिक (कमी खाचांचे, रेसिंगच्या धर्तीचे) आणि साध्या टायरची तुलना करायला मागवला होता. दोनेक हजारांचं खेळणं, पाना-पक्कड सोडून गेल्या वर्षातली माझी सर्वोत्तम खरेदी. पार्सल फोडलं, गाडी सावलीत उभी, सकाळचे सात, हातात चहा. सहज डाव्या पुढच्या टायरवर टेकवला: ६५. डावा मागचा: ६५. उजवा मागचा: ७१. चहा बॉनेटवर ठेवला. उजवा पुढचा: ७१. प्रत्येक टायरवर दहा ठिकाणी घेतलं, कुठेही एकाहून जास्त अंकाचा फरक नाही. खाचांची खोली मात्र चारही टायरांना सारखी, त्यामुळे डेप्थ गेजने आजवर काहीच सांगितलं नव्हतं.

मग टायरवर छापलेले तारखेचे आकडे. डावीकडे बाहेरच्या बाजूला ०८२४, म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. हे मी दुकानातच पाहिलं होतं आणि खूश झालो होतो. उजवीकडे बाहेरून कोड अर्धाच, तारीख नाही. गाडीखाली आडवा झालो, मोबाइलची बॅटरी लावली: ३८२०. सप्टेंबर २०२०!

आता यातली गंमत पाहा. तारखेसकट पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो. व्ही-नक्षीच्या टायरला फिरण्याची दिशा ठरलेली. त्यामुळे साच्याची जी बाजू डाव्या चाकावर बाहेर येते तीच उजव्या चाकावर आत जाते. म्हणजे असा संच बसवला की दुकानात उभ्या माणसाला फक्त एका बाजूच्या तारखा दिसतात. माझे दोन्ही जुने टायर नेमके दुसऱ्या बाजूला गेले. योगायोग असेल. दुकानाचं नाव घेत नाही. टायरचंही नाही, दोष बनवणाऱ्याचा नाही.

फोन केला तर उत्तर आलं, "साहेब, वापरलेला नाही म्हणजे नवाच माल." वापरलेला नव्हता हे खरंच. पण साडेतीन वर्षं तो कुठे पडून होता? थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेला टायर बराच काळ मऊ राहतो, पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेला राहत नाही. आकडा ७१ आहे, गोदामाचा अंदाज ज्याने त्याने करावा.

पण ड्युरोमीटरवर विसंबून निकाल द्यायचा नाही हे आपण मागेच ठरवलं होतं. म्हणून चाकण. मित्राच्या कारखान्याच्या मागे काँक्रीटचं मोकळं आवार आहे. १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूने आखलं, एसटीपीच्या, म्हणजे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा टँकर फिरवला (पिण्याचं पाणी नाही, आधीच सांगतो) आणि गाडी सुटेल त्याच्या अलीकडच्या वेगाने गोल गोल. दहा-दहा फेऱ्यांची सरासरी. उजवीकडे वळताना, म्हणजे भार डाव्या टायरांवर: फेरीला ९.४ सेकंद. डावीकडे वळताना: १०.१. हिशेब केला तर ०.६८ जी आणि ०.५९ जी. एकाच गाडीत, एकाच फरशीवर, एकाच चालकाकडून.

मग चारही टायर डिस्कवरून (म्हणजे चाकाच्या रिमवरून) उतरवून बाजू बदलल्या. व्ही-नक्षी असल्याने नुसती चाकं अदलाबदल करून चालत नाही. पंक्चरवाल्या पोराला वाटलं मला वेड लागलंय, पण पैसे रोख होते. पुन्हा टँकर, पुन्हा वर्तुळ. आता डावीकडे ९.५, उजवीकडे १०.१. दोष टायरांच्या मागोमाग बाजू बदलून गेला! हे लिहितानाही हसू येतंय. गेल्या वर्षभरात ट्रॅकवर लावलेल्या कुठल्याही वेळेपेक्षा या दोन आकड्यांचा आनंद मोठा आहे.

मागचंच टोक का सुटायचं, तेही आता जुळतं. पुढच्या चाकांना इंजिन ओढतं, ब्रेकचं बहुतेक काम तीच करतात, म्हणून कडक टायरही दोन-तीन फेऱ्यांत थोडा तापतो. मागची चाकं पावसात नुसती मागून येतात, गारच राहतात. ब्रेक धरून वळलं की त्यांच्यावरचं वजनही पुढे गेलेलं. या गाडीत ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे पुढची सूचना थेट क्षितिज फिरल्यावर.

आता निवडीचा मूळ प्रश्न: ओल्या ट्रॅकसाठी टायर कुठले घ्यायचे? सेमी-स्लिक बाद, निदान ओल्या दिवसांसाठी. चेन्नईत एकाच्या गाडीला २०० ट्रेडवेअरचे (झिजण्याचा अंक; कमी म्हणजे लवकर झिजणारं, चिकट रबर) होते. ट्रॅक सुकत आला तेव्हा त्याने सगळ्यांना मागे टाकलं, आणि सर आली तसा निमूट पिटमध्ये येऊन बसला. खाचा कमी, आणि त्या रबराला लागणारी उष्णता पाऊस देत नाही. त्यात जून २०२० पासून टायरची आयात परवान्याच्या यादीत गेल्यामुळे नवं काही मिळवणं म्हणजे वशिल्याचं काम.

राहिले सिलिकावाले साधे टायर: प्रायमसी ४ एसटी, अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी ६, अर्थ-१. युरोपीय लेबलवरच्या 'ए' अक्षरावर मात्र फार जीव टाकू नका. ती चाचणी नव्या टायरवर, सरळ रेषेत, ८० वरून २० पर्यंत ब्रेक लावून, अर्धा ते दीड मिलिमीटर पाण्यात घेतात. वळणाबद्दल आणि डबक्याबद्दल ते अक्षर मुकं आहे.

बेत असा होता की ०८२४ च्या जोडीला त्याच मॉडेलचे दोन ताजे घ्यायचे आणि विषय मिटवायचा. पण वरचा परिच्छेद लिहिताना लक्षात आलं की चाकणचं माझं वर्तुळही त्या लेबलसारखंच आहे, पाण्याचा पातळ थर. ट्रॅकवर धडकी भरते ती साचलेल्या पाण्यात. आणि तिथे अरुंद टायर सरस, त्याला बाजूला ढकलायला पाणीच कमी. मग गाडीचे मूळ मापाचे १८५/७० आर १४ काय वाईट? व्यास ६१५ मिलिमीटर, माझ्या आत्ताच्या १५ इंचीचा ५९५. म्हणजे स्पीडोमीटरचं ते तीन टक्के खोटं बोलणंही थांबेल. टायरच्या उंच भिंतीमुळे वळताना गाडी जेलीसारखी हलेल, पण पावसात हळू हलणारी गाडी मला चालते, आधी सूचना तरी देते. शिवाय स्वस्त.

अडचण एकच. खोल पाण्याची चाचणी आवारात कशी घ्यायची? गटार गोणपाटाने तुंबवून सहा मिलिमीटर पाणी साठवता येईल, पण तिथे वेग पन्नास-साठच्या वर जात नाही. मग डोक्यात आलं, नासाचं सूत्र उलटं वापरू. हवा १२ पीएसआयवर आणली की तरंगायचा वेग ५८ वर येतो! मित्राला कळवलं. त्याचं उत्तर: "अरे, वळताना टायर डिस्कवरून उतरला तर फरशी कोण भरून देणार?" वळायचं नाही, सरळच जायचं, हे त्याला अजून पटवतोय. १२ ला टायरचा आकारच बदलतो, हेही मान्य. १८ पासून सुरुवात करतो, तरंगला नाही तर नाही.

ते दोन ३८२० कोरड्या सरावाला ठेवले आहेत. पुढच्या रविवारी टँकर सांगितलाय. १४ च्या तीन लोखंडी डिस्क झाल्या, एक स्टेपनीची धरून. चौथीसाठी बुधवारी जुन्या बाजारात जातोय. कुणाकडे ४ बाय १०० ची (चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर), न वाकलेली पडून असेल तर मंगळवारपर्यंत सांगा. टायर बसवताना यावेळी मी जॅकच्या शेजारीच उभा राहणार आहे, बॅटरी घेऊन.