कीटोन हृदयाला चांगले की वाईट?

मधुमेह झालेल्या उंदरांच्या हृदयातली प्रथिनं मी तपासते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कीटोन वाढले की डॉक्टरांची धावपळ होते, आणि तुम्ही म्हणता हृदयाला ते चालतात. मग खरं काय?"

तुम्ही मधुमेहासाठी एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी घेता आणि हेच विचारलंत, म्हणून सांगते, दोन्ही खरं आहे. एरवी रक्तात कीटोन लिटरला अर्ध्या मिलिमोलच्याही खाली असतात. इन्सुलिन फारच कमी पडलं की ते 3 च्या वर जातात, रक्ताची आम्लता वाढते आणि जिवावर बेततं. पण बेताच्या प्रमाणात ते हृदयाचं इंधन आहे. यकृत चरबीपासून ते बनवतं आणि स्वतः मात्र वापरू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नसतं. हृदयाकडे असतं.

माझं मन गुंतलंय ते कीटोनच्या दुसऱ्याच कामात. मधुमेहातल्या एचबीएवनसीच्या तपासणीत हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजतात. ती साखर आपसूक चिकटते आणि तांबडी पेशी संपेपर्यंत सहसा सुटत नाही. कीटोनही प्रथिनांवर बसतो, पण तो एन्झाइम बसवतात आणि एन्झाइमच काढतात. 2016 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या यिंगमिंग झाओ यांच्या गटाने प्रथिनावर बसलेल्या कीटोनची ही खूण हिस्टोनवर दाखवली. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं. त्यांतल्या लायसिन या अमिनो आम्लावर धन भार असतो, त्यामुळे डीएनए घट्ट धरला जातो. तिथे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे रक्तातला मुख्य कीटोन, बसलं की तो भार जातो.

ही खूण उपाशी उंदरांच्या यकृतात वाढलेली होती आणि मधुमेही उंदरांच्याही. हे मी कितीदा वाचलं असेल, तरी तिथे थांबतेच. प्रयोगात या खुणेची नुसती पट्टी गडद आली म्हणून हृदय सावरतंय की खचतंय, हे कसं सांगणार? कोणत्या प्रथिनावर, नेमक्या कुठल्या लायसिनवर, हे कळायला हवं. त्यासाठी वस्तुमान मोजायचं. ही खूण 86.037 एककं भरते, आणि मॅलोनिल नावाची अगदी वेगळी खूण 86.000. एवढ्याशा फरकावर आमचे दिवसच्या दिवस जातात, आणि ते जायलाच हवेत.

आता तुमच्या गोळीबद्दल. 2015 च्या मोठ्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदय कमजोर होऊन रुग्णालयात भरती व्हायचं प्रमाण 35 टक्क्यांनी घटलं. या गोळ्यांनी कीटोन थोडे वाढतात. श्रेय त्यांचंच, असं काहीजण मानतात. मला तेवढा पुरावा पुरत नाही. म्हणून कीटोन वाढवणारी पेयं आपल्या मनाने सुरू करू नका. आणि ही गोळी चालू असताना उलट्या, धाप किंवा खूप गळाठा आला, तर साखर ठीक दिसली तरी कीटोन तपासायला लगेच जा. या गोळ्यांवर साखर फार न वाढताही कीटोन धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतात.